पाच भाषांची एक शिफ्ट : परराज्यांतल्या कामगारांसोबत प्रेस शॉप चालवताना

शीट मेटलच्या प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा कापून-दाबून भाग बनवणाऱ्या विभागात, एका शिफ्टला वीस-पंचवीस माणसं असली की त्यांत मराठी, हिंदी, भोजपुरी, बंगाली, ओडिया सहज निघतात. ठेकेदार झारखंड-ओडिशाच्या सीमेकडून माणसं आणत असेल तर संथाळीही. ऑफिसातल्या फाइलमध्ये मात्र यांतल्या बहुतेकांपुढे ‘हिंदी’ एवढंच लिहिलेलं असतं. ते ठेकेदाराच्या माणसाने एका बैठकीत भरलेलं असतं, आणि त्यावर विसंबून छापलेले बोर्ड, घेतलेलं ट्रेनिंग, भरलेली रजिस्टरं पुढे वर्षानुवर्षं तशीच चालतात. आम्ही सुरुवात केली ती हा रकाना खोडून.

त्याच्या जागी चार रकाने घेतले. घरी कोणती भाषा बोलतो; शाळा कोणत्या माध्यमात आणि कितवीपर्यंत; मोबाईलवर मेसेज कोणत्या लिपीत वाचतो; आणि हिंदी किती कळते. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं वेगळी येतात हे लक्षात ठेवावं लागतं. संथाळी बोलणारा माणूस ओडिशातला असेल तर शाळेत ओडिया शिकलेला असतो, झारखंडचा असेल तर देवनागरीतली हिंदी, पश्चिम बंगालचा असेल तर बंगाली. ओल चिकी ही संथाळीची स्वतःची लिपी १९२५ मध्ये रघुनाथ मुर्मूंनी घडवली आणि संथाळी २००३ च्या घटनादुरुस्तीने आठव्या अनुसूचीत आली. पण कारखान्यात येणाऱ्या सगळ्यांनाच ती लिपी वाचता येते असं नाही. म्हणजे ‘संथाळी’ या एका शब्दावरून सूचना कोणत्या लिपीत छापायची हे ठरत नाही. मोबाईलचा रकाना त्यासाठी आहे. शाळा सुटून दहा वर्षं झालेली असतात, मोबाईल रोज हातात असतो. ज्याला कुठलीच लिपी वाचता येत नाही तो ते सरळ सांगत नाही. व्हॉइस मेसेजच वापरतो म्हणाला की समजून घ्यायचं आणि पुढे विचारायचं नाही.

चौथा रकाना विचारून भरायचा नाही, बघून भरायचा. हिंदी येते का विचारलं तर सगळे ‘हां’ म्हणतात, कारण समोर नोकरी असते. त्याऐवजी एक साधं काम द्यायचं. ‘ती लाल पेटी उचल, दुसऱ्या रॅकच्या मधल्या कप्प्यात ठेव, कागद लावलेली बाजू भिंतीकडे कर.’ हे हिंदीत, एकदाच, हातवारे न करता सांगायचं. तिन्ही गोष्टी बरोबर झाल्या तर दोन, पेटी रॅकपर्यंत पोचली पण कप्पा किंवा बाजू चुकली तर एक, माणूस इतरांकडे बघत राहिला तर शून्य. दर माणशी दोन मिनिटं पुरतात. मशीन वाटप या आकड्यावर करायचं: दोन माणसांच्या प्रेसवर दोघेही शून्यवाले नकोत, आणि कुठल्याही बेमध्ये (शॉपच्या एका भागात) आपल्या भाषेतलं दुसरं कोणीच नाही असा माणूस एकटा पडू द्यायचा नाही. शिफ्टचं वेळापत्रक बनवणाऱ्याला हे कटकटीचं वाटतं, कारण एक जण गैरहजर राहिला की सगळी मांडणी हलते. तरी ते करावंच लागतं. एकटा पडलेला माणूस मशीन बिघडलं तरी बोलत नाही, शेजारच्याचं बघून हात चालवत राहतो.

आता आपल्या बाजूची हिंदी. मराठी सुपरवायझरची हिंदी मराठीच्या साच्यातली असते आणि नेमके धोक्याचे शब्द त्यात अडकतात. क्रेनवर डाय (पत्र्याला आकार देणारा जड साचा) लटकलेली असताना ‘खाली लो’ म्हटलं तर आपल्या डोक्यात ‘उतरव’ असतं. हिंदीवाल्याला ‘खाली’ म्हणजे रिकामं. तो हुक मोकळा करायला हात पुढे करू शकतो. ‘बंद करो’ हा दुसरा. मशीन बंद, व्हॉल्व्ह बंद, गार्ड (हात आत जाऊ नये म्हणून मशीनला असलेलं आवरण) बंद या तिन्हींत क्रिया वेगवेगळी आहे, शब्द एकच. म्हणून क्रेनवर तोंडी हुकूम पूर्ण बंद केले आणि हातखुणा ठेवल्या: तर्जनी वर करून हाताने लहान गोल म्हणजे उचल, तर्जनी जमिनीकडे करून गोल म्हणजे उतरव, हात बाजूला आडवा पसरून तळवा जमिनीकडे ठेवून पुढेमागे हलवला की थांब. खुणा देणारा एकच, पण ‘थांब’ची खूण कोणीही द्यावी आणि क्रेनवाल्याने ती कोणाचीही मानावी. गुंतागुंत एवढीच की हेल्पर लोक हौसेने आपल्या गावाकडच्या खुणा वापरतात. ते पहिल्या आठवड्यात दिसलं की लगेच तोडायचं.

‘तू’चा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो, प्रत्यक्षात त्याने बरंच बिघडतं. मराठीत सोबतच्या माणसाला ‘तू’ म्हणण्यात काही वावगं नाही, उलट जवळीकच असते. तेच सवयीने हिंदीत ‘तू इधर आ’ झालं की उत्तरेकडच्या माणसाला तो अपमान वाटतो. बंगाली आणि ओडियातही आदराच्या अशाच तीन पायऱ्या आहेत. दुखावलेला माणूस भांडत नाही. तो फक्त त्या सुपरवायझरला काही सांगायचं बंद करतो. नियम सोपा ठेवला: हिंदीत ‘तुम’च्या खाली उतरायचं नाही, वयाने मोठा असेल तर ‘आप’. आणि ‘ए बंगाली’, ‘ए बिहारी’ ही हाक बंद. हेल्मेटच्या पुढे आणि मागे नाव, देवनागरी व इंग्रजी अशा दोन्ही लिपींत. मागे कशाला, असं विचारलं जातं. धोक्याच्या वेळी आपल्याला माणसाची पाठच दिसत असते.

त्यानंतर शब्दांची यादी. मशीन, टूल, दोष, हुकूम मिळून साठेक शब्द निवडले आणि प्रत्येकाला एकच नाव पक्कं केलं. डाय, पंच, गार्ड, गेज, बर (कापलेल्या कडेला उरणारी धार), क्रॅक, कॉइल, स्टॉप हे आहेत तसेच ठेवायचे, कुठल्याच भाषेत भाषांतर करायचं नाही. ते सगळ्यांनाच सारखे नवे असतात, त्यामुळे सगळे सारखेच शिकतात. मोबाईलच्या ॲपने भाषांतर केलं तर ‘डाय’चं मरण होतं आणि ‘गार्ड’चा पहारेकरी, असा बोर्ड लागलेला दिसला तर आश्चर्य वाटून घेऊ नये. खरी मेहनत उलट दिशेने लागते. प्रेसच्या ज्या वर-खाली होणाऱ्या भागाला शॉपमध्ये ‘रॅम’, ‘स्लाइड’, ‘हॅमर’ अशी तीन नावं चालतात त्याला एकच नाव द्यायचं, आणि जुन्या मराठी ऑपरेटरांनाही तेच बोलायला लावायचं. सगळ्यात जास्त विरोध इथेच होतो, नव्या माणसांकडून नाही.

आकड्यांकडे वेगळं बघावं लागलं. मराठी, हिंदी, बंगाली, ओडियातले शंभरपर्यंतचे आकडे एकमेकांसारखे वाटतात पण जुळत नाहीत. गोंगाटात तर इंग्रजीतले ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ही वेगळे ऐकू येत नाहीत. आकडा बोलायचा तर एकेक अंक सुटा: एकशे पन्नास नव्हे, ‘वन, फाइव्ह, झिरो’. लिहिण्यातली अडचण याहून चोरटी आहे. बंगाली लिपीतला चार इंग्रजी आठसारखा दिसतो आणि बंगाली सात इंग्रजी नऊसारखा. असमियातही हेच अंक आहेत. देवनागरीतला एक घाईत लिहिला की इंग्रजी नऊ वाटतो. उत्पादनाच्या रजिस्टरमध्ये चाळीसच्या जागी ऐंशी वाचलं गेलं की स्टॉक जुळत नाही, आणि दोष ऑपरेटरच्या माथी येतो. म्हणून रजिस्टरच्या प्रत्येक पानाच्या डोक्यावर शून्य ते नऊ हे इंग्रजी अंक ठळक छापले आणि खाली त्याच अंकांत लिहायचं ठरवलं. गुणपत्रिकेसारख्या चौकटी आखून दिल्या की एका चौकटीत एकच अंक बसतो, खाडाखोडही कमी होते.

मशीनवर शिकवण्याची पद्धत नवी शोधायची गरज नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत कारखान्यांतल्या नवख्या माणसांसाठी चार पायऱ्यांची जी पद्धत बसवली गेली (माणसाला तयार करा, करून दाखवा, त्याच्याकडून करून घ्या, नंतर येऊन बघा) ती भाषेच्या अडचणीत जास्तच उपयोगी पडते, कारण तिचा जीव करून दाखवण्यात आहे. आपल्याकडे ती बिघडते तिसऱ्या पायरीवर. शिकवणारा ‘समझ में आया?’ विचारतो, समोरचा मान डोलावतो आणि तिसरी पायरी तिथेच संपते. हा प्रश्न शॉपमध्ये विचारायचाच नाही, असा नियम करावा लागला. त्याऐवजी ‘करके दिखाओ’ आणि ‘ये खुला रहेगा तो क्या करोगे?’ (‘ये’ म्हणजे गार्ड) एवढे दोनच. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तोंडी आलं नाही तरी चालतं. हात मशीन थांबवायच्या लाल बटणाकडे गेला पाहिजे.

शिफ्ट सुरू होतानाची प्रेसची तपासणी हे यातलं सगळ्यात महत्त्वाचं काम, आणि ते जवळजवळ शब्दांशिवाय शिकवता येतं. शिकवणारा कामगाराच्या शेजारी, त्याच बाजूला तोंड करून उभा राहतो. समोर उभं राहून दाखवलं तर डावं-उजवं उलटं शिकलं जातं, ही फार नेहमीची चूक. मशीनमध्ये पत्रा नाही, मोड सिंगल स्ट्रोक (एका वेळी रॅमची एकच फेरी). पहिल्यांदा लाल बटण दाबून मग दोन्ही हातांची बटणं दाबायची: रॅम हलता कामा नये. लाल बटण सोडवून रीसेट. मग फक्त डावं बटण: हलता कामा नये. फक्त उजवं: हलता कामा नये. मग डावं दाबून धरायचं, जरा थांबायचं आणि उजवं दाबायचं: तरीही हलता कामा नये. टू-हँड कंट्रोल नीट असेल तर दोन्ही बटणं अर्ध्या सेकंदाच्या आत दाबली तरच स्ट्रोक येतो. एक बटण चिंधीने बांधून दुसऱ्या हाताने काम करण्याची युक्ती इथेच अडते, आणि ती का अडवली आहे हे माणसाला याच क्षणी कळतं. पुढे गार्ड उघडून तेच. लाइट कर्टन (हात मध्ये आला की मशीन थांबवणारा प्रकाशकिरणांचा पडदा) असेल तर टेस्ट रॉड वर, मध्ये, खाली अशा तीन जागी धरून लाल दिवा लागतो का बघायचं. शेवटी डायच्या बोल्टवरची पिवळी रेघ: बोल्ट आणि क्लॅम्प या दोन्हींवरून ओढलेली रेघ सरळ असेल तर बोल्ट हललेला नाही, तुटलेली दिसली तर ढिला झाला आहे. ‘किती टाइट’ हे कुठल्याच भाषेत सांगता येत नाही, रेघ मात्र दिसते.

हे सगळं एकदा नीट चालणाऱ्या मशीनवर आणि एकदा मुद्दाम नापास होणाऱ्या स्थितीत दाखवायचं, उदाहरणार्थ रेघ तुटलेला बोल्ट. फक्त बरोबर स्थिती बघितलेल्या माणसाला चूक कशी दिसते ते माहीत नसतं. नापास झालं की करायचं काय, तेही हातानेच: चावी काढायची, लाल टॅग लावायचा, सेटरला (डाय बसवून मशीन लावून देणाऱ्याला) बोलवायचं. जुन्या की-क्लचच्या प्रेस अजून चालतात तिथे आणखी एक गोष्ट दाखवावी लागते. क्लच एकदा बसला की स्ट्रोक पूर्ण झाल्याशिवाय रॅम थांबत नाही, आणि मोटर बंद केली तरी फ्लायव्हील (प्रेसचं जड चाक) बराच वेळ फिरत राहतो. ‘बंद आहे’ आणि ‘थांबलं आहे’ यांतला फरक समजावत बसू नये. मोटर बंद करून माणसाला फ्लायव्हील थांबेपर्यंत तिथे उभं ठेवावं. डाय बदलताना सेफ्टी ब्लॉक (रॅम खाली येऊ नये म्हणून मध्ये ठेवायचा ठोकळा) लावल्याशिवाय हात आत नाही, हेही त्याच वेळी. लॉकआउटच्या (दुरुस्तीच्या वेळी मशीन कुलूप लावून बंद ठेवण्याच्या) टॅगवर मजकुरापेक्षा कुलूप लावणाऱ्याचा फोटो मोठा ठेवला. कुलूप कोणाचं आहे हे वाचावं लागत नाही, आणि ते दुसऱ्याने तोडायचं धाडसही कमी होतं.

बोलायचं असेल तेव्हा मशीनपासून लांब जायचं. गोंगाटात परकी भाषा ऐकणं मातृभाषेपेक्षा कितीतरी जास्त कठीण जातं. आपल्या भाषेत अर्धा शब्द ऐकू आला तरी मेंदू उरलेला भरून काढतो, परक्या भाषेत ते होत नाही. त्यात कानात इअरप्लग. प्रेस शॉपमध्ये उभं राहून घेतलेला टूलबॉक्स टॉक (कामाआधीची सुरक्षेची छोटी बैठक) हा हजेरीच्या सहीपुरताच असतो. पॅकिंगच्या बाजूला, दार लावून, दहा मिनिटं, एकच विषय, हातात ती वस्तू. एवढं पुरतं.

बोर्डांबद्दल आमचं मत जरा कडवट आहे. बहुतेक कारखान्यांत ते ऑडिटसाठी असतात. चिन्हांचे रंग-आकार ठरलेले आहेत (लाल वर्तुळ तिरक्या रेघेसह म्हणजे मनाई, निळं वर्तुळ म्हणजे करायलाच हवं, पिवळा त्रिकोण म्हणजे धोका, हिरवा चौकोन म्हणजे सुरक्षित वाट किंवा प्रथमोपचार) आणि आयएसओ ७०१० या आंतरराष्ट्रीय मानकात एकेक चिन्ह दिलेलं आहे. पण चित्र आहे म्हणजे ते आपोआप कळतं, हा भ्रम. पिवळ्या त्रिकोणातला हात आणि दातेरी चाक पहिल्यांदा बघणाऱ्याला ‘इथे हात लावा’ असंही वाटू शकतं. चिन्हं शिकवावी लागतात. शॉपमध्ये प्रत्यक्ष लागलेलीच तेवढी घ्यायची, पंधरा-वीसपेक्षा जास्त नसतात, आणि माणसाला त्या जागेवर नेऊन दाखवायची.

मजकूर लिहायचाच असेल तर भाषांतराआधी मूळ मराठी किंवा हिंदी वाक्य तोडून घ्यावं लागतं. ‘गार्ड न लावता व सुपरवायझरच्या परवानगीशिवाय मशीन चालवू नये’ यात दोन नकार आणि एक अट आहे. ते ओडियात जाईपर्यंत काय होईल सांगता येत नाही. ‘आधी गार्ड लाव. मग मशीन चालव.’ एका वाक्यात एक कृती. भाषांतर एकाने करायचं, आणि मूळ न दाखवता दुसऱ्याकडून ते परत हिंदीत तोंडी सांगून घ्यायचं. दोन्ही जुळले नाहीत तर वाक्य बदलायचं, भाषांतर करणाऱ्याशी वाद घालायचा नाही. नंतरचा अपघात छापखान्यात होतो. ओडिया किंवा बंगाली मजकूर डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये नेला की फॉन्ट बदलून जोडाक्षरं फुटतात, मात्रा इकडच्या तिकडे जातात. आपल्याकडे ते ओळखणारं ऑफिसात कोणी नसतं. फाइल तपासून उपयोग नाही. छापलेला पहिला नमुना हातात देऊन, त्या भाषेतल्या दोघांकडून वेगवेगळा मोठ्याने वाचून घ्यायचा. अक्षराच्या उंचीचा हिशेब आम्ही दोनशेला एक असा धरतो: दहा मीटरवरून वाचायचं तर अक्षर पाच सेंटिमीटर. पाच भाषा एका बोर्डवर कोंबल्या की हा हिशेब कोसळतो, म्हणून त्या मशीनवर जे काम करतात त्यांच्या दोनच भाषा, बाकी फोटो.

फोटो आपल्याच मशीनचे, ऑपरेटरच्या डोळ्याच्या उंचीवरून, प्रत्येकावर क्रमांक. चुकीच्या पद्धतीचा फोटो लाल फुलीसह लावायची फॅशन आहे. त्यात गंमत अशी की लांबून फुली दिसत नाही आणि फोटो दिसतो. चुकीचा फोटो लावायचाच तर लहान, काळा-पांढरा.

दर्जाच्या बाबतीत याहून सोपं आहे. दोषाचं नाव शिकवण्याऐवजी दोष हातात द्यायचा. प्रत्येक प्रेसजवळ तीन नमुने: चालतो, कसाबसा चालतो, चालत नाही. तेल लावून झिपच्या पिशवीत, तारीख आणि सही घातलेले. गंजले की बदलायचे. बर किती चालते हे डोळ्याने ठरवू न देता गो-नो गो गेजने (चालतं की नाही एवढंच सांगणाऱ्या मापाने). तपासणीच्या तक्त्यात बरोबरच्या खुणा नकोत, मोजलेली किंमत हवी. बरोबरच्या खुणा माणूस शिफ्टच्या शेवटी एका दमात भरून टाकतो, आणि चौकटीतली फुली कोणाच्या लेखी ‘तपासलं’ असते तर कोणाच्या लेखी ‘नापास’.

दुभाष्याचा प्रश्न मात्र शिस्तीने सुटत नाही, त्याला पैसे लागतात. प्रत्येक भाषेतला एक जुना माणूस निवडायचा, त्याला महिन्याला ठराविक भत्ता द्यायचा आणि ज्या वेळात तो समजावून सांगतो त्या वेळाचं उत्पादन त्याच्या टार्गेटमधून वजा करायचं. हे नाही केलं तर तो तीन वाक्यांचं एक करतो आणि आपल्या प्रेसवर पळतो. त्याचंही चूक नाही. त्याच्याकडून शॉर्टकटही शिकवले जातात, म्हणून पहिली ‘करके दिखाओ’ फेरी सेटरसमोरच व्हायला हवी.

आणि मुकादम दुभाष्या म्हणून नको. निदान पगार, दुखापत आणि तक्रार या तीन बाबतींत तर नकोच. माणसं आणणारा, त्यांना उचल देणारा, त्यांच्या पगारातून ती कापणारा तोच. कामगार पाच वाक्यं बोलतो आणि मुकादम सांगतो, ‘कुछ नहीं साब, ठीक है बोल रहा है.’ मशीनजवळ शब्द जितके कमी तितकं बरं, पण पैसे आणि शरीर यांच्याबद्दल माणसाला त्याच्या स्वतःच्या भाषेत, हवं तेवढं, सविस्तर बोलता आलं पाहिजे, आणि ऐकणारा ठेकेदाराचा माणूस नसला पाहिजे. दुसऱ्या शॉपमधला त्याच भाषेचा कायम कामगार चालतो. कोणीच नसेल तर फोनवरून कामगाराने स्वतः निवडलेला नातेवाईक.

कायद्यानेही हा भेद ओळखला होता, जरा वेगळ्या तऱ्हेने. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम १०८ प्रमाणे सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना कळणाऱ्या भाषेत लावायच्या असत. १९४६ च्या स्थायी आदेशांच्या (नोकरीच्या अटींच्या) कायद्यातही तसंच होतं. ‘बहुसंख्य’ म्हटलं की आपल्याकडे मराठी किंवा हिंदी लावून काम भागतं, आणि ज्या चार-पाच जणांना ती कळत नाही ते कागदोपत्री कायद्यात बसूनही उघड्यावर राहतात. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगारांच्या कायद्याने मात्र ठेकेदाराला फोटो लावलेलं पासबुक द्यायला सांगितलं, त्यात कामाचं ठिकाण, कालावधी, मजुरीचा दर, कपाती हिंदी व इंग्रजीत, आणि कामगाराची भाषा वेगळी असेल तर त्या भाषेतही. कारखाने अधिनियम आणि १९७९ चा कायदा आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत विलीन झाले आहेत. पण पासबुकाची ती कल्पना आजही उचलण्यासारखी आहे.

पगाराची स्लिप त्याच धर्तीवर केली. हजेरीचे दिवस, ओव्हरटाइमचे तास, मूळ रक्कम, कपाती, हातात येणारी रक्कम, एवढ्याच ओळी, प्रत्येकीपुढे छोटं चित्र, आणि कामगाराच्या लिपीत नाव. भविष्य निर्वाह निधीचे १२ टक्के आणि ईएसआयचे (कामगार विम्याचे) ०.७५ टक्के कापले जातात त्याला बहुतेक जण ‘कंपनीने खाल्ले’ असं समजतात, कारण तसं नाही हे त्यांना कळेल अशा भाषेत कोणी सांगितलेलंच नसतं. पगाराच्या दिवशी कोणी ऐकत नाही. आदल्या आठवड्यात, नमुना स्लिप हातात देऊन, त्या भाषेतल्या माणसाकडून.

नावाच्या स्पेलिंगने पुढे फार छळ होतो. ओडिया किंवा बंगाली नाव ठेकेदार ऐकून इंग्रजीत लिहितो, ऑफिसात त्याचं मराठी होतं, बँकेत तिसरंच. पीएफच्या केवायसीत आधारशी नाव, जन्मतारीख जुळली नाही की दावा अडकतो, तोवर माणूस गावी परतलेला असतो. म्हणून हजेरीपटावर नाव ऐकून लिहायचं नाही. आधार समोर ठेवून एकेक अक्षर उतरवायचं, वडिलांच्या नावासकट. हाक कोणत्या नावाने मारायची ते मात्र त्यालाच विचारायचं. ते हेल्मेटवर जातं.

आग लागल्यावर बाहेर काढण्याच्या सरावात नावं पुकारून मोजणी करू नये. उच्चार चुकतात, माणूस ओ देत नाही, मोजणी लांबते. आत येताना प्रत्येकाचं कार्ड लाल बाजूच्या फळीवर, बाहेर जमल्यावर ते हिरव्या फळीवर. लाल फळीवर उरलेली कार्डं फोटोसकट म्हणजे आत कोण आहे त्याची यादी. आणीबाणीसाठी शब्द एकच ठेवला, ‘स्टॉप’. पाच भाषांतले पाच शब्द शिकवण्यात काही अर्थ नाही. ओरडणाऱ्याला त्या क्षणी आपलीच भाषा सुचते, म्हणून ‘स्टॉप’ सरावात मोठ्याने ओरडून घ्यावा लागतो, लाजणाऱ्यांकडूनही.

थोडक्यात हुकलेल्या अपघातांची नोंद छापील फॉर्मवर येत नाही. फोनवर व्हॉइस मेसेज आणि एक फोटो, आपल्या भाषेत, एवढी मोकळीक दिली की येऊ लागते. तो मेसेज ऐकणारा त्या भाषेतला भत्तेवाला दुभाष्या. त्याने चोवीस तासांत हिंदीत दोन ओळी लिहायच्या, बोलणाऱ्याचं नाव न घालता. मेसेज आला आणि आठवडाभर काही हललं नाही तर पुढचा मेसेज येत नाही. दुरुस्ती होणार नसेल तर तसं तरी त्याच भाषेत परत कळवायचं.

आता उरलं ते वेळापत्रकाचं. ठेकेदार तुकडी बदलतो तेव्हा चार रकान्यांची यादी पहिल्या दिवशीच नवी करायची. पहिल्या दिवशी शिकवायच्या फक्त तीन गोष्टी: लाल बटण कुठे, बाहेर जायची वाट कुठे, गार्ड उघडा असेल तर हात नाही. बाकी दुसऱ्या दिवसापासून. पहिल्या दिवशी आठ तास भरलेलं ट्रेनिंग परक्या भाषेत कोणाच्याच डोक्यात राहत नाही. महिन्याभराच्या सुट्टीनंतर परत आलेल्याला जुना समजून थेट प्रेसवर उभं करू नये, मधल्या काळात डाय बदललेली असते, कधी मशीनच दुसरं असतं. त्याच्याकडून शिफ्टची पूर्ण तपासणी सेटरसमोर करून घ्यायची, नापास स्थितीसकट, आणि मगच चावी त्याच्या हातात द्यायची. आणि तिमाहीतून एकदा प्रत्येक बोर्डापुढे त्या मशीनवरच्या दोघांना उभं करून ‘इथे काय करायचं?’ विचारायचं. दोघांनाही दाखवता आलं नाही तर तो बोर्ड त्याच दिवशी काढून टाकायचा, मग ऑडिटवाल्याने काहीही विचारो.